दोन बोटं कमी

शालिग्राम मिस्त्रीला मत्सराची सवय होती, काहींना तपकिरीची असते तशी. कुणाचं वाईट व्हावं असं त्याला वाटायचं नाही; दुसऱ्याचं चांगलं झालेलं तेवढं बघवायचं नाही. मेहकरच्या एका सुतारानं नव्या गाडीला पितळी फुलं ठोकली आणि लोक थांबून बघायला लागले, हे कानावर आलं तेव्हा हा चार दिवस भाजीत मीठ नाही म्हणून बायकोवर चिडत होता. बायको अंबूबाई मुरलेली होती. ताटाकडे न बघता ती विचारायची, "आता कोनाचं काय चांगलं झालं?"

हाताला मात्र तोड नव्हती. साखरखेर्ड्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांत ज्या बैलगाड्या चालायच्या, त्यातल्या निम्म्यांची चाकं त्याची. चाक करणं एकवेळ कुणालाही जमेल; खरी कसोटी धावेची. धाव म्हणजे चाकाभोवती चढवायचा लोखंडी पट्टा. चाकाच्या घेरापेक्षा तो जरा लहान ठेवायचा, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, म्हणजे फुगतो. तसाच सांडशीनं उचलून चाकावर बसवायचा आणि वरून पाणी मारायचं. निवताना तो आवळतो आणि सगळं चाक घट्ट करतो. 'जरा लहान' म्हणजे किती, इथं घोडं अडतं. पट्टा ढिला राहिला तर उन्हाळ्यात धाव गळून रस्त्यात पडते. फार लहान झाला तर आधी चढतच नाही, आणि घण घालून चढवलाच तर चाकाचे आरे मोडतात.

हे माप शालिग्रामचं होतं. सुतळीनं चाकाचा घेर घ्यायचा, ती सुतळी लोखंडाच्या पट्टीवर ताणायची, ती संपते तिथं खडूची एक रेघ मारायची, आणि मग लोकांकडे पाठ करून, बोट आडवं ठेवून, अलीकडे दुसरी रेघ. कडूबा लोहार त्या दुसऱ्या रेघेवरून हिशेब धरायचा, सांध्याचं लोखंड आपलं वेगळं सोडायचा आणि काही विचारायचा नाही. नव्या चाकाला सव्वा बोट कमी. बोट शालिग्रामचं, आणि पस्तीस वर्षं पटाशी धरून ते चांगलं इंचभर रुंद झालेलं.

गावच्या शाळेत तो अकरा वर्षं सुतारकाम शिकवत होता. शिकवत होता म्हणजे, मुलं पाट करायची. पाचवीला पाट, आठवीलाही पाटच. गावात जेवणारे कमी आणि पाट जास्त झाले होते. एखाद्यानं चाकाचं विचारलं की शालिग्राम म्हणायचा, "आधी रंधा सरळ मारता येऊ दे बे." बापानं त्याला धावेचं माप लग्न झाल्यावर सांगितलं होतं. त्यानंतर त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला दोन मुली, दोघी सासरी. मुलं त्याला मिस्त्री म्हणायची, बाकीच्या मास्तरांना सर. हे आपल्याला कधी खुपलं नाही, असं तो सगळ्यांना सांगत असे, न विचारता.

महाराष्ट्र होऊन सात वर्षं झाली, त्या जूनमध्ये खामगावहून टिकार सर आले. नाव इंद्रभान टिकार, वय सव्वीस, विज्ञान शिकवायला. वडील एका जिनिंगमध्ये फिटर, त्यामुळे पोराचं लहानपण कापसाच्या धुराळ्यात आणि यंत्रांच्या पट्ट्यांखाली गेलेलं. पहिल्याच शनिवारी त्यांनी शाळेच्या ओट्यावर एक गंजकी सायकल आणून आडवी केली आणि मुलांना म्हणाले, "हिचे सगळे भाग वेगळे करा. पुन्हा जोडता आले नाही तर ती माझी जबाबदारी." मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मोडायला सांगणारा मास्तर त्यांनी पाहिलेला नव्हता.

मग दर शनिवारी तेच. कधी हातपंप, कधी पिठाच्या गिरणीचं टाकून दिलेलं चाक, कधी नुसत्या दोरीवर चढवलेल्या कप्प्या. मुलं पाण्याची पन्हळ करत, बांबूचा पूल बांधत, त्यावर एकेक वीट ठेवत तो कधी मोडतो ते बघत. मोडला की ओरडा करत, आणि टिकार सर विचारत, "काऊन मोडला?" 'का' म्हणून विचारणाऱ्या या एका शब्दानं शालिग्रामचं डोकं उठायचं. मुलं आता त्यालाही विचारायला लागली. रंधा उलट्या रेषेनं मारू नको म्हटलं तर, "काऊन, मिस्त्री?" अकरा वर्षांत त्याच्या तासाला कुणाला प्रश्न पडला नव्हता.

खरा जाळ वेगळाच होता. शनिवारी शाळा सुटली की मुलं तेलानं काळे झालेले हात मुद्दाम न धुता गावातून जायची. दुकानात, पारावर, आईपुढे ते हात दाखवायची. लाकडाचा भुसा लागलेले हात कुणी कधी दाखवले नव्हते. शालिग्राम बिजागरी ठोकायच्या निमित्तानं ओट्याजवळच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचा. खिळा तोंडात धरून एकेक चेहरा मोजायचा. माझा हा, माझा हा, हाही माझा. सगळे तिकडे.

टिकार सर जर गर्विष्ठ असते तर बरं झालं असतं. पण तो माणूस साधा. वाटेत भेटला की थांबायचा, नमस्कार करायचा, चाकाला हात लावून म्हणायचा, "काय बसवलंय हो मिस्त्री, कुठं फट सापडत नाही." असल्या माणसावर जळणं फार कष्टाचं काम. शालिग्रामनं ते निष्ठेनं चालू ठेवलं.

दिवाळीनंतर मुख्याध्यापक शंकररावांनी त्याला बोलावलं. जानेवारीत बुलढाण्याहून शिक्षणखात्याचे साहेब शाळा बघायला येणार होते. टिकार सरांचं म्हणणं, मुलांनी त्यांच्यासमोर मैदानात खऱ्या चाकावर खरी धाव चढवावी, आपल्या हातांनी, आणि लोखंड का फुगतं ते सांगावं. शंकरराव खुशीत होते.

"कार्यक्रम जमला तर सुतारकामाची खोली यंत्रवर्गाले द्यायची, असं ठरवून राह्यलो," ते म्हणाले. "तुमचा तासही त्यातच. तुमी राह्यसालच की, टिकार सरांच्या हाताखाली."

शालिग्राम "हाव" म्हणत मान हलवून बाहेर आला. त्या खोलीतलं प्रत्येक बाकडं त्यानं केलेलं होतं. भिंतीवरच्या करवती त्यानं उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. आता तिथं सव्वीस वर्षांचा पोरगा उभा राहणार, आणि आपण त्याला किल्ली आणून देणार.

दुपारी टिकार सर स्वतः आले. "मिस्त्री, चाक तुमच्या हातचं पाहिजे," ते म्हणाले. "आणि मापही तुमचंच. लोखंड किती फुगतं ते माझ्या पुस्तकात सापडतं. चाकाला किती आवळून पाहिजे ते नाही सापडत. ते तुमच्याकडेच आहे. मुलांना तुम्ही सांगा, मी मध्ये येत नाही."

शालिग्रामनं चाक केलं. मनापासून केलं, कारण वाईट चाक करणं त्याला येतच नव्हतं. बाभळीचं पक्कं लाकूड, एकेक सांधा ठोकून पाहिलेला. आणि चाक पुरं झालं त्या दिवशी नववीतली पुष्पा त्याच्याकडे माप विचारायला आली.

पुष्पा ही पुंजाजी माळ्याची मुलगी. शाळेत मोठ्या वर्गात मुली चारच होत्या, त्यात ही एक. बाजाराच्या दिवशी बापाबरोबर वांगी-मिरच्यांची टोपली घेऊन शालिग्रामच्या कामाच्या छपरासमोरच बसायची. टिकार सरांनी मोजमापाचं काम तिला दिलं होतं, कारण तिचा हात स्थिर होता. शालिग्रामला तेही लागलं. माप सांगायचं ते एका पोरीला, आणि तेही त्यांनी निवडलेल्या.

"मिस्त्रीकाका," ती म्हणाली, "सुतळी मी घेतो. पण कमी किती ठेवायचं?"

शालिग्राम पटाशीला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही. सव्वा हा शब्द त्याच्या तोंडात आला होता. तो त्यानं गिळला.

"दोन बोटं."

पुष्पानं त्याच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं. "दोन बोटं," ती म्हणाली, आणि गेली.

दोन बोटं म्हणजे दोन इंच. धाव चढणार नाही. साहेबांसमोर पोरं लाल पट्टा घेऊन चाकाभोवती नाचतील, घण घालतील, आरे मोडतील. मग शंकररावांना कळेल की पुस्तकानं चाक होत नाही. खोली राहील. शालिग्रामनं हे सगळं मनात नीट मांडून बघितलं, आणि सुपारी तोंडात टाकली. ती कडू लागली.

ज्या शनिवारी मुलांनी पट्टीवर रेघा मारल्या आणि कडूबानं ती वाकवून जोडली, त्या शनिवारी तो अंग दुखतं म्हणून घरी राहिला. अंबूबाईनं ताट वाढलं. त्यानं मीठ कमी असल्याचं म्हटलं नाही. तिनं पहिल्यांदाच हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघितलं.

"या खेपी कोनाचं चांगलं झालं असं नाई दिसत," ती म्हणाली. "तुमीच काही करून आले."

"जेवू दे," तो म्हणाला, पण जेवला नाही.

जायचं आणि सांगायचं, असं त्याच्या मनात दोन-तीनदा आलं. एकदा तर तो शाळेच्या फाटकापर्यंत गेला. आत टिकार सर आणि मुलं गोवऱ्या रचण्याचा सराव करत होती, आणि कुणीतरी काहीतरी बोललं, आणि सगळी हसली. तो तिथूनच वळला. त्या हसण्यात आपण नव्हतो एवढंच त्याला दिसलं.

साहेब आले. मैदानात सतरंजी, खुर्च्या, अर्धं गाव. मध्ये चाक दगडांवर आडवं ठेवलेलं, बाजूला गोवऱ्यांच्या गोल जाळात धाव. शालिग्राम पार मागे, बाभळीला टेकून उभा राहिला. धावेकडे त्यानं बघितलं नाही.

टिकार सर एका बाजूला हात बांधून उभे होते. सगळं मुलं करत होती. एकानं लोखंड का फुगतं ते सांगितलं, अडखळत, पण बरोबर. लोखंड लाल झालं. चौघांनी सांडशींनी पट्टा उचलला. पुष्पा म्हणाली, "आता," आणि त्यांनी तो चाकावर आणला.

शालिग्रामनं डोळे मिटले. घणाचा आवाज यायला हवा होता. आला नाही. लाकूड जळल्याचा चर्र आवाज आला, आणि मग पाण्याचा. त्यानं डोळे उघडले तेव्हा वाफेचा लोट उठला होता आणि मुलं घागरी ओतत होती. वाफेतून करकर ऐकू येत होती, सांधे एकमेकांत शिरल्याची. पस्तीस वर्षं तो ती ओळखत होता. अगदी बरोबर बसलेल्या चाकाचीच ती करकर.

वाफ विरली. मुलांनी चाक उभं केलं आणि मैदानातून पळवलं. लोक उठून उभे राहिले. कडूबानं जाऊन धावेवर हातोडी वाजवून बघितली, मान हलवली, आणि मागे वळून शालिग्रामला शोधू लागला.

"एवढं अचूक माप कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"शालिग्राम मिस्त्रींनी," पुष्पा म्हणाली. "दोन बोटं कमी."

मग सगळं एकदम झालं. टिकार सर गर्दीतून मागे आले, त्याचा हात धरून त्याला पुढे घेऊन गेले. शंकररावांनी साहेबांसाठी आणलेला हार त्याच्याच गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षं त्यानं ज्याची वाट पाहिली होती, ते सगळं त्याच्यासमोर होतं, आणि ते त्याला त्याच्या हलकटपणाबद्दल मिळत होतं. त्याला हार काढून पळून जावंसं वाटत होतं. कसं बसलं, हेही त्याला कळत नव्हतं. मग त्याची नजर पुष्पाच्या हाताकडे गेली. बारीक, काडीसारखी बोटं. तिची दोन म्हणजे त्याचं सव्वा.

वाचलो, असं त्याच्या मनात आलं. कुणाला कळायचं कारण नाही.

पण साहेबांनी कारकुनाला वही उघडायला सांगितली. "हे लिहून घ्या. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला हा उपक्रम कळवायचा, मापासकट. नव्या चाकाला दोन बोटं कमी."

कारकून लिहायला लागला. शालिग्रामला जिल्हाभर मोडलेली चाकं दिसली. कुठलाही सुतार, कुठलाही शेतकरी, मोठ्या पंजाचा माणूस ते वाचणार, आपली दोन बोटं पट्टीवर ठेवणार.

"साहेब, ते लिहू नका," तो म्हणाला.

शंकररावांना वाटलं, मिस्त्री संकोचानं नको म्हणतोय.

"माप सव्वा बोट आहे. माझं." त्यानं आपलं बोट वर केलं. "या पोरीले मी दोन सांगतलं. मुद्दाम सांगतलं, धाव चढू नये म्हून. माझी खोली जाणार होती, पोरं टिकार सरांच्या मागं गेली होती. मले ते पाहवत नव्हतं. तिची बोटं लहान, म्हून चाक वाचलं."

शंकरराव जमिनीकडे बघत होते. साहेबांनी कारकुनाला खूण केली, त्यानं ओळ खोडली. मग कुणीतरी चहा तयार असल्याचं सांगितलं आणि माणसं घाईघाईनं तिकडे वळली. टिकार सर मात्र वळले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढ्या महिन्यांत शालिग्रामनं तो पहिल्यांदा तसा बघितला, आणि त्याला मुळीच बरं वाटलं नाही.

त्यानं हार काढून चाकावर ठेवला. पुष्पा तिथंच होती, ओल्या धावेवरची राख फडक्यानं पुसत.

"सांगून टाकलं," तो तिला म्हणाला. बोलून टाकल्यामुळे त्याला थोडं हलकं वाटत होतं. "तुयाशी खोटं बोललो मी. तुले काई माईत नव्हतं, म्हून फसली तू."

"माईत होतं," पुष्पा म्हणाली.

"काय?"

"बाजाराच्या दिवशी तुमी पट्टीवर दोन रेघा मारता अन् कानस आनाले आत जाता. रेघा तं तशाच राह्यतात. मी जाऊन बोटं ठेवून पाहत होती. दर खेपी माई दोन बोटं बरोबर मावत. नवं चाक असलं की दोन." तिनं फडकं पिळलं. "तुमी दोन म्हटलं तवा मले वाटलं, मोजनारी मी हाय, म्हून मिस्त्रीकाकानं माया बोटाचं माप सांगतलं."

ती रागावलेली नव्हती. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, आपलं काय चुकलं ते विचारल्यासारखी. सगळ्या गावासमोर मान खाली घालताना शालिग्रामला एवढी लाज वाटली नव्हती. तिथं त्यानं जे केलं होतं ते तरी त्यानं सांगितलं होतं. इथं एक पोरगी त्याला तो नव्हता तेवढा चांगला समजून, त्याच्या शब्दावर आख्खं चाक ठेवून गेली होती. तो चाकाशेजारी खाली बसला.

"मंग जुन्या चाकाले?" पुष्पानं विचारलं. "त्याच्या रेघा कधी कमी, कधी जास्त राह्यत. ते मले नाई समजलं."

शालिग्रामनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग हात पुढे करून म्हणाला, "खडू आन."

खडू आला. त्यानं धावेवर पहिली रेघ मारली आणि बोलायला लागला. वाळलेलं लाकूड किती मागतं, पावसाळ्यात भिजलेलं किती, सांधे हलत असले तर कुठं बोट वाढवायचं आणि कुठं चाकच भंगारात काढायचं; बापानं सांगितलेलं, आणि बापालाही माहीत नसलेलं. एकेक मूल चहा सोडून जवळ येत गेलं. "काऊन?" कुणीतरी विचारलं, आणि त्यानं काऊन तेही सांगितलं.

थोड्या वेळानं टिकार सर येऊन मुलांच्या मागे उभे राहिले, वही काढून. शालिग्रामला ते आवडलं नाही. पण तो थांबला नाही. उलट त्यांनाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं बोलू लागला.